हेडीस: मेलेल्यांचा राजा, पण मृत्यूचा देव नव्हे

हेडीसची ओळख आपल्याकडे बहुतेकांना चित्रपटांमधून किंवा व्हिडिओ गेममधून होते. काळा पोशाख, खर्जातला आवाज, डोक्यात सतत काहीतरी शिजतंय आणि देवांचा राजा झ्यूस याची गादी बळकावायची घाई. मूळ ग्रीक कथा वाचायला घेतल्या की हा खलनायक कुठेच सापडत नाही. तिथला हेडीस कुणाविरुद्ध कट करत नाही, वर येऊन कुणाचा जीव घेत नाही, झ्यूसच्या राज्याकडे ढुंकूनही बघत नाही. खरं तर तो फारसं काहीच करत नाही. बाकीच्या देवांची लफडी, भांडणं आणि सूड यांनी पुराणं भरून गेली आहेत. हेडीस मुख्य पात्र असलेली मोठी कथा मात्र एकच. तरीही ग्रीक लोक त्याचं नाव घ्यायला कचरायचे. काहीच न करणाऱ्या या देवाची एवढी धास्ती कशामुळे?

आधी घराणं पाहू. क्रोनस हा आधीच्या पिढीतल्या टायटन देवांचा राजा. आपलंच मूल आपल्याला गादीवरून खाली खेचणार हे त्याला कळलं होतं. म्हणून त्याच्या बायकोला, रियाला, मूल झालं की तो ते गिळून टाकायचा. हेस्टिया, डिमीटर, हेरा, हेडीस, पोसायडन असे पाच जण ओळीने बापाच्या पोटात गेले. सहाव्या खेपेला रियाने कपड्यात गुंडाळलेला दगड पुढे केला आणि झ्यूस वाचला. झ्यूस मोठा झाल्यावर क्रोनसला त्याची सगळी भावंडं ओकावी लागली, मग टायटनांशी दहा वर्षं युद्ध झालं. ही हकीकत हेसिअड या कवीने इ.स.पू. ७०० च्या सुमारास सांगितली. त्याच्या क्रमाने पाहिलं तर तीन भावांत हेडीस सगळ्यात थोरला.

पण जिंकलेल्या जगाची वाटणी वयाप्रमाणे झाली नाही, चिठ्ठ्या टाकून झाली. ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या पंधराव्या सर्गात पोसायडन ती सांगतो: मला समुद्र आला, हेडीसला धुरकट अंधार, झ्यूसला आकाश; जमीन आणि देवांचा डोंगर ऑलिम्पस मात्र तिघांच्या सामाईक. पोसायडन हे सांगतो ते चिडून, कारण झ्यूस त्याच्यावर हुकूम सोडत असतो. हेडीसच्या तोंडी मात्र वाटणीबद्दल तक्रारीचा एक शब्दही होमरने घातलेला नाही. वाट्याला आलेलं घर त्याने स्वीकारलं आणि तो तिथेच राहिला. ऑलिम्पसवर त्याचं बिऱ्हाडच नाही, म्हणून बारा ऑलिम्पियन देवांच्या यादीत सहसा त्याचं नाव नसतं.

ते घर कसं होतं? ‘इलियड’च्या विसाव्या सर्गात देव एकमेकांशी लढायला उतरतात आणि पोसायडन जमीन हादरवतो, तेव्हा हेडीस ओरडत सिंहासनावरून उठतो. त्याला भीती वाटते की जमीन दुभंगेल आणि देवांनाही किळस येईल असं आपलं कुबट घर सगळ्यांना उघड्यावर दिसेल. पाताळाच्या राजाचं हे चित्र मला फार आवडतं. त्याला हल्ल्याची भीती नाही, घर दिसण्याची आहे.

त्याच्याकडे एक शिरस्त्राण होतं. युद्धाच्या वेळी सायक्लॉप्स या एकडोळ्या राक्षसांनी झ्यूसला वज्र दिलं, पोसायडनला त्रिशूळ आणि हेडीसला हे शिरस्त्राण. ते घालणारा कुणालाच दिसत नाही. पण पुढच्या कथांमध्ये ते वापरताना दिसतात दुसरेच: ट्रॉयच्या रणांगणावर अथेना ही देवी, मेडुसा या राक्षसीला मारून पळणारा वीर पर्सियस. मालक आपला घरी.

आता त्याच्या कामाकडे येऊ, कारण सगळा घोळ इथेच आहे. ग्रीक कल्पनेत माणूस मरणं आणि मेलेला माणूस पाताळात पोचणं ही वेगवेगळ्या खात्यांची कामं आहेत. प्रत्यक्ष मृत्यू म्हणजे थॅनॅटॉस, झोपेचा भाऊ. माणसाच्या आयुष्याचा धागा कातणाऱ्या आणि कापणाऱ्या तिघी नियतीदेवता आणखी वेगळ्या. वाट दाखवायला देवांचा दूत हर्मीस. नदी पार करून द्यायला केरॉन हा नावाडी. त्याच्या भाड्यासाठी प्रेताच्या तोंडात ओबोल हे छोटं नाणं ठेवायची पद्धत होती आणि उत्खननांत अशी नाणी सापडलीही आहेत. दाराशी सर्बेरस हा कुत्रा. त्याला बहुतेक चित्रांत दोन किंवा तीन डोकी असतात, हेसिअडने एकदम पन्नास दिली. हेसिअडच म्हणतो की आत येणाऱ्यापुढे हा कुत्रा शेपूट हलवतो, कान पाडतो. बाहेर पडू बघणाऱ्याला मात्र खाऊन टाकतो. न्यायनिवाड्याला मिनोस, ऱ्हाडामँथस आणि इआकस हे तिघे, आणि तेही देव नव्हेत, मेलेले राजे.

मग हेडीसकडे उरलं काय? आत आलेल्याला आत ठेवणं. होमर त्याला ‘दारं घट्ट लावून घेणारा’ म्हणतो. स्तोत्रांत तो ‘पुष्कळांना घरात घेणारा’ आहे. कुणालाही नाकारायचं नाही आणि कुणालाही परत सोडायचं नाही, एवढाच त्याचा कारभार. ‘इलियड’मध्ये ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन म्हणतो की हेडीस वळत नाही, विरघळत नाही, म्हणून माणसांना सगळ्या देवांत तोच जास्त नकोसा वाटतो. तो दुष्ट असल्याचा आरोप इथे कुणी करत नाही. झ्यूसला नवस बोलता येतो, पोसायडनला बैल वाहून शांत करता येतं. हेडीसपुढे काही चालत नाही.

इथे यमाची आठवण येणारच, पण दोघांत फरक मोठा आहे. ऋग्वेदातला यम हा मरणाची वाट पहिल्यांदा चाललेला आहे. त्याला ती वाट ठाऊक आहे कारण तो स्वतः त्या वाटेने गेला. हेडीस कधीच मेलेला नाही. पुराणातला यम पाश घेऊन स्वतः येतो, पाप-पुण्याचा हिशेब करतो आणि सावित्री मागे लागली तर बोलता बोलता सत्यवानाला सोडूनही देतो. हेडीस न्यायला येत नाही, हिशेब करत नाही आणि त्याच्याशी वाद घालून जिंकलेली सावित्री ग्रीकांकडे नाही. त्यांच्याकडे नवऱ्याच्या जागी मरायला तयार झालेली अल्सेस्टिस आहे. ती परत येते, पण युरिपिडीसच्या नाटकात तिला सोडवण्यासाठी हेराक्लीस, म्हणजे रोमन लोकांचा हर्क्युलस, तिच्या थडग्यापाशी थॅनॅटॉसशी कुस्ती खेळतो. म्हणजे हेडीसच्या दाराच्या अलीकडेच गाठलं म्हणून जमलं.

त्या दारापलीकडे नरक असतो असंही नाही. होमरच्या काळात चांगला, वाईट, शूर, भित्रा, सगळे एकाच जागी जातात आणि सावलीसारखे राहतात. होमरच्याच ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात काव्याचा नायक ओडिसियस मेलेल्यांना भेटायला जातो, तेव्हा बळी दिलेल्या मेंढ्यांचं रक्त प्यायल्याशिवाय त्यांना धड बोलताही येत नाही. तो आईला तीनदा मिठी मारू बघतो, तिन्ही वेळा ती हातातून निसटते. तिथेच अकिलीस भेटतो. ओडिसियस त्याची समजूत घालतो की तू इथेही राजासारखा आहेस. अकिलीस म्हणतो, या सगळ्या मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा वर एखाद्या भूमिहीन माणसाकडे मजुरी केलेली परवडली. ट्रॉयच्या सर्वांत मोठ्या वीराच्या तोंडचं हे वाक्य आहे.

शिक्षा भोगणारे तिथे मोजकेच दिसतात: पाणी प्यायला वाकलं की पाणी ओसरतं तो टँटॅलस, डोंगरावर धोंडा ढकलणारा सिसिफस, काळीज गिधाडं टोचतात तो टिटिऑस. तिघांनीही सामान्य पाप केलेलं नाही, त्यांनी देवांनाच दुखावलं होतं. पुण्यवंतांना इलिझियमचं नंदनवन आणि पाप्यांना टार्टारस ही नीट वाटणी पुढे ठळक होत गेली. तत्त्वज्ञ प्लेटोने तिला नैतिक बैठक दिली, रोमन कवी व्हर्जिलने नकाशाच काढला.

काही पंथांनी तर थेट वाटाड्या तयार केला. दक्षिण इटली, क्रीट आणि थेसली इथल्या थडग्यांत सोन्याचे पातळ पत्रे सापडलेत. त्यांवर मेलेल्यासाठी सूचना कोरल्या आहेत: पांढऱ्या सायप्रसजवळच्या झऱ्याचं पाणी पिऊ नकोस, पुढे जा, स्मृतीच्या तळ्यापाशी रखवालदार विचारतील तेव्हा सांग, मी पृथ्वीचं आणि तारांकित आकाशाचं लेकरू आहे, तहानेने जीव चाललाय, मला पाणी द्या. परीक्षेला जाणाऱ्या मुलाच्या खिशात चिठ्ठी ठेवावी तसा हा प्रकार.

या राज्यातून परत आलेले थोडे, आणि प्रत्येकाच्या कथेत हेडीसचा स्वभाव थोडा थोडा कळतो. हेराक्लीस सर्बेरसला न्यायला येतो, तेव्हा हेडीस नाही म्हणत नाही. शस्त्र न वापरता जमलं तर ने, एवढी अट घालतो. ऑर्फियस या गायकाच्या वीणेने पाताळ स्तब्ध होतं आणि त्याला बायको, युरिडिसी, परत मिळते. अट एकच, उजेडात पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. तो वळतो. थिसियस आणि त्याचा मित्र पिरिथस मात्र चक्क हेडीसच्या राणीला पळवायला उतरतात. हेडीस आरडाओरडा न करता त्यांना बसायला सांगतो. बसल्यावर उठताच येत नाही. थिसियसला पुढे हेराक्लीसने ओढून काढलं. पिरिथस बहुतेक कथांप्रमाणे अजून तिथेच बसलेला आहे.

सिसिफसने केलेली फसवणूक सगळ्यांत चतुर. मरण्याआधी त्याने बायकोला बजावलं की माझे अंत्यसंस्कार करू नकोस. खाली गेल्यावर त्याने तक्रार मांडली: बायकोने माझे विधीही केले नाहीत, तिला जाब विचारायला मला वर सोडा. त्याला सोडलं आणि तो परत आलाच नाही, म्हातारा होऊन मेला तेव्हाच आला. ही युक्ती चालली, कारण प्रेताचे विधी होणं हा पाताळाचा हक्क मानला जायचा. सॉफोक्लीसच्या नाटकात अँटिगनी राजाज्ञा मोडून भावावर माती टाकते. राजा क्रेऑन म्हणतो, देशद्रोह्याला आणि देशभक्ताला सारखा मान कसा? ती उत्तर देते की हेडीसला हे विधी हवेच असतात.

आता ती एकमेव मोठी कथा. डिमीटर ही धान्याची देवी, पर्सेफोनी तिला झ्यूसपासून झालेली मुलगी. डिमीटरच्या प्राचीन स्तोत्रात ही गोष्ट सविस्तर आहे. या स्तोत्राची एकच हस्तलिखित प्रत टिकली, ती १७७७ मध्ये मॉस्कोत सापडली. पर्सेफोनी मैत्रिणींबरोबर फुलं वेचत असते. एक अद्भुत नार्सिससचं फूल दिसतं, ती हात पुढे करते आणि जमीन दुभंगते. हेडीस रथातून वर येतो आणि रडणाऱ्या मुलीला घेऊन जातो. सहसा घर न सोडणारा देव इथे बाहेर पडतो, तोही भावाच्या परवानगीने: मुलीच्या बापाने, म्हणजे झ्यूसने, हे लग्न आधीच कबूल केलेलं होतं. विचारलं नव्हतं ते आईला आणि मुलीला.

यावर आजचे काही लेखक या जोडप्याला पुराणातलं सगळ्यात गोड जोडपं ठरवतात. हेडीस इतर देवांच्या मानाने एकनिष्ठ आहे हे खरं (मिंथी नावाची एक जलपरी मध्ये येते, तिचा पर्सेफोनी पुदिना करून टाकते). पण स्तोत्राच्या कवीला गोडवा दिसत नाही. त्याचं सगळं लक्ष मुलीच्या किंकाळीकडे आणि आईच्या वणवणीकडे आहे. डिमीटर नऊ दिवस हातात मशाली घेऊन, अन्नपाण्यावाचून फिरते. सूर्यदेव तिला खरी बातमी देतो आणि वर समजावतो की जावई काही वाईट नाही, तुझाच भाऊ आहे, तिसऱ्या हिश्श्याचा मालक आहे. घरातला मोठा माणूस बोलावा तसं बोलणं! ती जुमानत नाही. ती धान्य उगवणंच थांबवते. माणसं उपाशी मरायला लागतात, देवांचे नैवेद्य बंद होतात, तेव्हा झ्यूसला हर्मीसला खाली धाडावं लागतं. हेडीस हुकूम मानतो, पर्सेफोनीला म्हणतो, जा आईकडे. पण इथे असताना तू सगळ्यांची राणी असशील. आणि गुपचूप डाळिंबाचा दाणा खायला घालतो. पाताळातलं अन्न पोटात गेलं, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला खाली राहावं लागतं, बाकी दोन हिस्से आईपाशी. ती खाली असते तो काळ हिवाळा, असं आपण वाचतो. काही अभ्यासक म्हणतात की ग्रीसमध्ये शेतं रखरखीत असतात ती उन्हाळ्यात, म्हणून तो काळ उन्हाळाच. स्तोत्रात ती वसंतात, फुलांबरोबर वर येते. मला तो पुरावा पुरेसा वाटतो.

या कथेचा धागा खऱ्या घरांपर्यंत जातो. ग्रीक मुलींची लग्नं लहान वयात, बापाने ठरवून व्हायची. लग्नाआधी मेलेली मुलगी हेडीसची नवरी झाली असं म्हणत. अथेन्सजवळ १९७२ मध्ये फ्रासिक्लिया नावाच्या मुलीचा संगमरवरी पुतळा सापडला, इ.स.पू. सहाव्या शतकातला. खालच्या लेखात ती म्हणते की मला कायम कुमारीच म्हणतील, कारण लग्नाऐवजी देवांनी मला हे नाव दिलं. दुसरीकडे, दक्षिण इटलीतल्या लोक्री गावात लोक पर्सेफोनीला भाजक्या मातीच्या तबकड्या वाहायचे. त्यांवर तीच मुलगी हेडीसच्या शेजारी सिंहासनावर रुबाबात बसलेली आहे, हातात कोंबडा आणि कणसं. तिथे ती लग्नाची देवी आहे.

एल्युसिस या गावी याच मायलेकींच्या नावाने गुप्त दीक्षाविधी चालायचे. अथेन्सहून सुमारे २० किलोमीटरची मिरवणूक निघायची. दीक्षा स्त्रियांना, गुलामांनाही खुली होती. आत काय दाखवलं ते बाहेर सांगितलं तर देहदंड. दीक्षा घेतलेल्याला खाली बरे दिवस येतात, अशी श्रद्धा होती. इ.स. चौथ्या शतकाच्या शेवटी ख्रिस्ती सम्राट थिओडोसियसने जुने पंथ बंद केले तेव्हा हेही थांबलं. एल्युसिसच्या काही शिलालेखांत एका जोडीला फक्त ‘देव’ आणि ‘देवी’ म्हटलंय. ही हेडीस-पर्सेफोनीची जोडी असावी, असं मानतात.

नाव टाळण्याची ही सवय आपल्याला समजायला अवघड नाही. आपणही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. इ.स.पू. पाचव्या शतकापासून ग्रीक लोक हेडीसला प्लूटॉन म्हणू लागले, म्हणजे संपत्तीवाला. जमिनीतून धान्य येतं, चांदी येते, आणि जमिनीखालचा मालक तोच. चित्रकारांनी त्याच्या हातात फळाफुलांनी ओसंडणारं शिंग दिलं. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस सांगतो की लोक मूळ नावाला घाबरतात म्हणून प्लूटॉन म्हणतात. मग तो मिश्कीलपणे म्हणतो की हेडीस इतकं सुंदर बोलत असला पाहिजे की तिथून परत यावंसं कुणाला वाटतच नाही.

पूजा अर्थातच तुरळक. त्याला हाक मारायची तर जमिनीवर हात आपटायचे, बळी द्यायचा तर काळ्या जनावराचा. इ.स. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनिअस लिहितो की त्याच्या माहितीत हेडीसची पूजा करणारे लोक फक्त एलिसचे. तिथलं मंदिर वर्षातून एकदाच उघडायचं आणि तेव्हाही आत जायचा पुजारीच. पॉसेनिअसला याचं कारण असं वाटतं की हेडीसकडे माणूसही एकदाच जातो.

प्लूटॉनच्या नावाने मात्र गुहा होत्या. आजच्या तुर्कस्तानातल्या पामुक्कलेजवळ, हिएरापोलिस शहरात, अशी एक होती. भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की त्याने आत चिमण्या सोडल्या आणि त्या लगेच मरून पडल्या. बैलही मरायचे, पण सिबिली देवीचे पुजारी जिवंत बाहेर यायचे. २०१३ मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ फ्रान्चेस्को द’आंद्रिया यांनी ही जागा शोधल्याचं जाहीर केलं. तिथे जमिनीच्या भेगेतून आजही कार्बन डायऑक्साइड येतो. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे रात्रीतून जमिनीलगत साठतो. बैलाचं नाक त्या थरात, उभ्या पुजाऱ्याचं त्याच्या वर. शिवाय स्ट्रॅबोच्या लक्षात आलं होतं की पुजारी श्वासही शक्य तितका रोखून धरतात.

हेडीसचा खलनायक पुढे झाला. बायबलच्या जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात मेलेल्यांच्या जागेसाठी ‘हेडीस’ हाच शब्द घेतला गेला. नंतर त्या जागेत नरकाची कल्पना मिसळली आणि राजाला सैतानाचा रंग चढला. प्राचीन कलाकारांनी त्याला असं कधी रंगवलं नव्हतं. त्यांचा हेडीस झ्यूससारखाच दिसतो, भरघोस दाढीचा, प्रौढ. सिसिलीतल्या मॉर्गान्तिना इथलं त्याचं मातीचं मस्तक तर निळ्या दाढीचं आहे. ते बेकायदा उकरून काढलं गेलं आणि १९८५ मध्ये अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने विकत घेतलं. मॉर्गान्तिनाच्या उत्खननात मिळालेल्या निळ्या कुरळ्या बटा त्याच दाढीच्या निघाल्या, म्हणून २०१६ मध्ये ते सिसिलीला परत गेलं. आता ते तिथल्या आयदोने गावच्या संग्रहालयात आहे.